साहित्य आणि वर्गनाट्यातून मूल्यशिक्षण : आठवी ते दहावीच्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आठवी ते दहावीला मराठी, इतिहास किंवा मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्यांसाठी आहे. इथे ‘वर्गनाट्य’ म्हणजे पोशाख, रंगभूषा आणि पाठांतराचं नाटक नव्हे. आहे त्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासात, उताऱ्यातला प्रसंग उभा करायचा आणि तो जिथे अडतो तिथे मुलांना उभं करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

परिपाठात रोज सुविचार आणि बोधकथा होते. मग हे वेगळं कशाला?

बोधकथेतला निर्णय आधीच झालेला असतो आणि तात्पर्य शेवटी हातात पडतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते पुरतं. चौदा वर्षांच्या मुलीला ‘खोटं बोलू नये’ हे ठाऊक असतं, तिचं घोडं अडतं ते दुसरीकडेच. जिवलग मैत्रिणीने कॉपी केली, बाईंनी नेमकं तिलाच विचारलं, आणि खरं सांगितलं तर मैत्री तुटणार. खरेपणा हे मूल्य आहे आणि मैत्रीला जागणं हेही मूल्यच आहे, आणि त्या घडीला दोन्ही सांभाळता येत नाहीत. मूल्यशिक्षण या पेचापाशी सुरू होतं. पेच संपल्यावर सांगितलेलं तात्पर्य मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. या वयाच्या वर्गात हा क्रम उलटा ठेवावा. आधी आख्यान, तेही अर्ध्यावर थांबवलेलं, आणि निरूपण मुलांनी करायचं.

उतारा कसा निवडायचा?

मोठ्याने वाचायला पाच ते सात मिनिटं लागतील एवढा, म्हणजे साधारण ५०० ते ७०० शब्दांचा. त्यात एकच निर्णय हवा आणि तो घेणारं पात्र मुलांच्या वयाच्या जवळचं असलं तर उत्तम. दोन्ही बाजूंना वजन हवं. एक बाजू सरळ दुष्ट असेल तर मुलं दोन मिनिटांत ‘योग्य’ उत्तर देऊन मोकळी होतात आणि तास तिथेच संपतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अख्खी कथा किंवा अख्खा अंक घेणं. त्यात वाचनातच तास जातो. दुसरी चूक म्हणजे शेवटासकट प्रत वाटणं. पान उलटून शेवट वाचलेला मुलगा पुढे लेखकाच्या शेवटाचीच वकिली करत राहतो. झेरॉक्स काढतानाच शेवटचा परिच्छेद झाकून काढा.

एक तास प्रत्यक्ष कसा चालतो, हे उदाहरणासह सांगा.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधला मोळीचा प्रसंग घ्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या एका म्हातारीला लाकडांची मोळी उचलत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला हात लाव. श्याम घाबरतो, लोक काय म्हणतील? आई म्हणते, मोळी चढवून ये आणि घरी येऊन आंघोळ कर.

याला दोन लागोपाठच्या तासिका लागतात. सलग ७० मिनिटं मिळाली तर फारच चांगलं.

पहिली आठ मिनिटं शिक्षकाने वाचायचं आणि श्याम ‘लोक काय म्हणतील’ म्हणतो तिथे थांबायचं. पुस्तक मिटून टेबलावर ठेवा. पुढची सात मिनिटं मुलं चार-चारच्या गटात एकच गोष्ट ठरवतील : या क्षणी श्यामच्या मनात कोणकोण बोलतंय? आई, शेजारी, शाळासोबती, देव, त्याची स्वतःची भीती. प्रत्येक गटाने एक आवाज निवडून त्याचं एकच वाक्य लिहायचं, आणि ते वाक्य बोलीतलं हवं. ‘समाज काय म्हणेल’ हे चालणार नाही. ‘ए श्याम, हात लावलास तर आमच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही’ हे चालेल. शिक्षकाने बाकांमधून फिरून पुस्तकी वाक्यं परत करायची. तासाचा सगळा कस या सात मिनिटांत लागतो.

मग मनाची गल्ली. मुलं समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात, मध्ये चार फूट वाट. एका टोकाला जमिनीवर मोळी, म्हणजे खरोखरच्या काटक्या दोरीने बांधून आणा, किमान पाच-सहा किलोच्या. श्याम झालेला मुलगा दुसऱ्या टोकाकडून सावकाश चालत येतो आणि तो समोर आला की प्रत्येक जण आपलं वाक्य म्हणतो. ओरडायचं नाही, त्याच्या कानापर्यंत पोचेल एवढंच. टोकाला पोचल्यावर श्यामने मोळीला हात लावायचा की नाही, हे त्यानेच ठरवायचं. आधी सांगून ठेवलेलं नसावं. तीन वेगवेगळ्या मुलामुलींना चालवा. वजन खरं असलं की हात घालताना मुलं नकळत थबकतात. रिकाम्या हवेत मोळी उचलण्याचा अभिनय केला तर हे थबकणं दिसत नाही.

दुसऱ्या तासाला लेखकाचा शेवट वाचा आणि आंघोळीपाशी पुन्हा थांबा. प्रश्न एकच विचारा : आईने आंघोळ करायला का सांगितलं?

त्या आंघोळीचं काय करायचं? मुलं आईलाच दोष देतात.

देऊ द्या. आईची करुणा खरी आहे आणि विटाळाची समजूतही तिच्यात तशीच शाबूत आहे. दोन्ही एकाच वाक्यात आहेत, म्हणूनच हा उतारा किशोरवयासाठी इतका मोलाचा आहे. चांगलं माणूससुद्धा आपल्या काळाच्या भिंतीआडून बोलतं, हे मुलांना आईच्या तोंडून कळतं. आंघोळीचा भाग गाळून हा प्रसंग ‘भूतदया’ म्हणून शिकवला जातो, तेव्हा त्यातलं सगळ्यात खरं वाक्यच निघून जातं.

मुलांनी बोलून झाल्यावर एक वस्तुस्थिती सांगा. ज्या मुलाला आंघोळ करायला सांगितलं होतं, त्या मुलाला उभं करणाऱ्या लेखकाने १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. त्यावर भाष्य करू नका, तारीख फळ्यावर लिहा आणि गप्प राहा.

आणि एक पथ्य, याला अपवाद नाही : म्हातारीची भूमिका कोणालाही द्यायची नाही. चिठ्ठ्या टाकूनसुद्धा नाही. वर्गात कोण कोणत्या समाजातलं आहे हे मुलांना माहीत असतं, आणि चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल त्याच्याकडे वर्ग कसा बघेल यावर तुमचा ताबा नाही. म्हातारीच्या जागी फक्त मोळी राहते.

वर्गात ६० मुलं आहेत आणि बाक जोडलेले आहेत. मग?

बाक हलवण्यात आठ मिनिटं जातात, म्हणून हलवूच नका. बाकांच्या दोन ओळींमधली वाट हीच मनाची गल्ली. दोन्ही बाजूंची मुलं बसल्याजागी बोलतात. गटकामासाठी पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, की सहाचा गट झाला. एका वेळी दहा मुलं नाट्यात, बाकीच्यांना ठरलेलं काम : एका ओळीने फक्त श्यामचे पाय बघायचे, दुसरीने कोणत्या वाक्यावर तो थांबला ते टिपायचं. नुसतं ‘बघा’ म्हटलं की मागचे बाक गोंगाट करतात. बघण्याचं काम नेमून दिलं की बहुतेक वेळा शांत होतात.

स्टॅच्यू, हॉट सीट, शिक्षकाची भूमिका, यातलं कधी काय वापरायचं?

पात्रांमध्ये नातं काय आहे, कोणाचा वरचष्मा आहे हे दाखवायचं असेल तर स्टॅच्यू. गटाने दहा सेकंद गोठलेलं चित्र करायचं, शिक्षकाने एकाच्या खांद्याजवळ हात नेला की त्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. लाजऱ्या वर्गात सुरुवात यानेच करा, कारण संवाद नसतो.

पात्राने असं का केलं हे उकरायचं असेल तर हॉट सीट : एक जण पात्र म्हणून खुर्चीवर बसतो, वर्ग प्रश्न विचारतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. उत्तर देणारा एकटा असेल तर दडपतो, म्हणून दोन खुर्च्या ठेवून एकच पात्र दोघांनी मिळून करावं.

शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायची पद्धत ब्रिटिश शिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. त्यात शिक्षकाने राजा किंवा मुख्याध्यापक होण्यात अर्थ नाही, ते तर तुम्ही आहातच. मदत मागणारं, गोंधळलेलं पात्र घ्या, म्हणजे सल्ला द्यायची जबाबदारी मुलांवर जाते. खांद्यावर उपरणं घेतलं की भूमिकेत, काढलं की शिक्षक, हा संकेत आधी सांगून ठेवा.

फोरम नाट्य कसं बसवायचं?

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत घडवली. भारतात पश्चिम बंगालची, १९८५ मध्ये स्थापन झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यापाड्यांत अशी नाटकं करते. रीत अशी : अन्यायाचा एक छोटा प्रसंग करायचा, तो वाईट वळणावर संपवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकातल्या कोणीही ‘थांब’ म्हणावं, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळं वागून बघावं.

प्रसंग तीन-चार मिनिटांचा आणि मुलांच्या रोजच्या जगातला हवा. नमुन्यादाखल हा घ्या. पात्रांची नावं तुमच्या वर्गात नसलेली ठेवा.

ओंकार : (मोबाइल बघत) भारी बनवलंयस रे!
वेद : अजून तीन स्टिकर आहेत. टाकू?
ओंकार : टाक ना. ग्रुपवर कुठे सर आहेत!
मृण्मयी : सानिका आहे ना ग्रुपवर.
वेद : मग? तिलाही हसू येईल. तिचाच तर फोटो आहे.
(मृण्मयी गप्प. सानिका आत येते. सगळे मोबाइल खिशात घालतात.)
सानिका : काय झालं? मला बघून का थांबलात?
मृण्मयी : काही नाही गं.

इथेच गोठवायचं. सानिकाला रडवू नका. ती रडली की वर्गाला तिची कीव येते आणि मृण्मयीचं ‘काही नाही गं’ कोणाच्या लक्षात राहत नाही. हा प्रसंग त्या तीन शब्दांचा आहे.

जागा घ्यायची ती मृण्मयीची, ओंकारची किंवा सानिकाची. वेदची कधीच नाही. छळणाराच अचानक शहाणा झाला तर प्रश्न सुटत नाही, नुसता नाहीसा होतो. खऱ्या ग्रुपवरच्या वेदची जागा तुम्हाला घेता येत नाही. वेद करणाऱ्याला आधी बजावून ठेवा की पहिल्या वाक्याला नमायचं नाही आणि मुद्दाम ताणायचंही नाही. समोरच्याचं खरंच पटलं तरच वाकायचं.

सूत्रधार शिक्षकाने व्हावं. फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात जोशी कुणबी जोडप्याला फसवत असताना मधूनमधून विदूषक बोलतो आणि प्रेक्षकाला विचार करायला लावतो. सूत्रधाराचं कामही तेच, फक्त त्याने निकाल द्यायचा नाही. प्रत्येक प्रयत्नानंतर वर्गाला विचारायचं : हे आपल्या वर्गात खरंच होईल? होणार नाही असं वाटलं तर मुलांनी ‘जादू!’ म्हणायचं. पहिला प्रयत्न जवळजवळ नेहमीच ‘मी सरांना सांगेन’ हा येतो. तो नाकारू नका, पुढचा प्रसंग लगेच उभा करा : दुसऱ्या दिवशीची सकाळ, सगळ्यांना कळलंय की मृण्मयीने सांगितलं. आता ती वर्गात शिरते. सांगणं चूक नव्हतं, पण त्याची किंमत काय आणि ती एकटीने का द्यावी, हे तिथे उघड होतं, आणि मग ‘आम्ही चौघींनी मिळून सांगितलं तर?’ असे प्रयत्न येऊ लागतात.

३५ मिनिटांत चार-पाच बदल्या होतात. त्याहून जास्तीचा हट्ट धरला की चर्चा उरकल्यासारखी होते.

मुलं हसतात, टवाळकी करतात. शिस्त कशी राखायची?

बहुतेक हसू लाजेचं असतं, अवज्ञेचं नाही. मुलामुलींनी एकत्र काम करायचं असेल किंवा विषय जवळचा असेल तर ते जास्त येतं. रागावलात तर पुढच्या वेळी कोणी उभं राहणार नाही. पहिल्या दोन तासांत स्टॅच्यूच घ्या आणि बोलतं नाट्य तिसऱ्या तासाला आणा. टाळ्या बंद ठेवा, नाहीतर मुलं अभिनयाच्या स्पर्धेत उतरतात आणि विनोदाला टाळी मिळवायला लागतात. एका मुलाला उद्देशून हसू असेल तर मात्र प्रसंग तिथेच थांबवा आणि त्या मुलाला बाहेर न काढता पूर्ण चित्र बदला.

भूमिका कोणाला द्यायच्या?

प्रत्यक्षात जो जसा आहे तशी भूमिका त्याला कधी देऊ नका. वडिलांचं व्यसन ज्या घरात आहे त्या मुलाला दारुड्याचा मुलगा करू नका. वर्गात ज्याला चिडवतात त्याला सानिकाच्या जागी उभं करू नका. चिडवणाऱ्याला ‘तुला कळू दे’ म्हणून त्या जागी उभं करणंही चूक. ती शिक्षा होते आणि मुलं ती शिक्षा म्हणूनच ओळखतात. ‘मला नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

नाट्य संपल्यावर भूमिका उतरवायला दोन मिनिटं राखून ठेवा. ओढणी किंवा टोपी परत द्यायची, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं आणि ‘मी वेदसारखा नाही, कारण…’ हे वाक्य पुरं करायचं. घंटा झाली म्हणून हे गाळलं, तर मधल्या सुट्टीत त्या मुलाला सगळे ‘वेद’ म्हणून हाक मारतात आणि ते नाव वर्षभर चिकटतं.

वर्गाचा कौल भलत्याच बाजूला गेला तर?

‘वेदला धरून मारायला हवं’ असं निम्मा वर्ग म्हणेल. लगेच उपदेश केला की मुलं तुम्हाला हवं ते बोलायला लागतात आणि त्यांच्या मनातलं तुम्हाला कधीच ऐकू येत नाही. ते उत्तरही करून बघा : मारलं, पुढे काय? सानिका त्यानंतर कुठे बसते, कोणाशी बोलते? दोन फेऱ्यांत बहुतेक मुलं स्वतःच वळतात, काही वळत नाहीत.

पण कोणाची जात, धर्म, शरीर किंवा मुलगी असणं यावरून अपमान करणारं बोलणं वर्गात आलं, तर तिथे तटस्थ राहायचं नाही. थांबवा आणि हे चालणार नाही, असं स्पष्ट सांगा. शिक्षकाचं मत मुलांनी विचारलं तर जरूर द्यावं, पण सगळ्यात शेवटी आणि ‘मला असं वाटतं’ या शब्दांत.

नाट्य चालू असताना एखाद्या मुलाने स्वतःवर घडलेलं काही सांगितलं तर?

वर्गासमोर तपशील विचारू नका. ‘हे आपण नंतर दोघं बोलू’ म्हणून प्रसंग शांतपणे दुसरीकडे वळवा आणि त्याच दिवशी बोला. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो वर्गात कायम लावलेला असावा, म्हणजे कोणी तो बघताना उठून दिसत नाही.

पालक म्हणतात, दहावीच्या वर्षात नाटकं कशाला?

दहावीला दिवाळीनंतर थांबा. आठवी-नववीला महिन्यात दोन तास, वर्षाला बारा-चौदा तास पुरतात. उतारा पाठ्यपुस्तकातलाच घेतला तर त्या धड्याची तयारीही होते, हे पालकसभेत एक तास करून दाखवा. सांगून पटत नाही ते दाखवून पटतं.

गुण कसे द्यायचे?

मूल्यांना गुण देऊ नका. दिले की मुलं साळसूद उत्तरं लिहितात. अभिनयालाही नको. तपासायची असेल तर वही तपासा. प्रत्येक तासानंतर तीन ओळी : पात्रासमोर अडचण काय होती, माझ्या मताविरुद्धचं सगळ्यात जड कारण कोणतं, आणि आज माझं काही बदललं का. दुसऱ्या ओळीवर लक्ष ठेवा. जूनमध्ये तिथे ‘विरुद्ध कारण नाही’ असं लिहिणारी मुलगी जानेवारीत विरुद्ध बाजू नीट मांडायला लागली, तर काम होतं आहे. ‘काही बदललं नाही’ हे तिसऱ्या ओळीचं उत्तर पूर्ण मान्य करा.

स्नेहसंमेलनात यातलं काही करता येईल का? परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो, म्हणून साने गुरुजी (निधन १९५०) किंवा जोतीराव फुले (निधन १८९०) यांचं लेखन मोकळं आहे. अलीकडच्या लेखकाचं नाटक शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात केलं आणि प्रेक्षक शाळेतलेच व मुलांचे पालक असले, तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं किंवा बाहेरच्या सभागृहात सर्वांसाठी प्रयोग केला, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या.

फोरमचा प्रसंग संमेलनात करायचा असेल तर तो शेवटी ठेवू नका, तोवर अर्धे पालक घरी गेलेले असतात. उंच स्टेजवर न करता मैदानात, प्रेक्षकांच्या पातळीवर करा, कारण पायऱ्या चढून वर येऊन ‘थांब’ म्हणायला फारसं कोणी धजत नाही. हातात धरायचे दोन माइक ठेवा, एक पात्रांमध्ये आणि एक प्रेक्षकांत फिरता. पालकांनाही बदली होऊ द्या. ओंकारची जागा घ्यायला एखादी आई उठली की तिला आधी मोबाइल खिशात ठेवायला सांगा आणि प्रसंग ‘टाकू?’ या शब्दापासून सुरू करा.